परीघ काढताना व्यास नेमका कुठला धरायचा?

परिमिती
परीघ म्हणजे पाय (π) गुणिले व्यास, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं. तरीही ४० × ५ च्या लोखंडी पट्टीतून आत ५०० मिमी व्यास असलेलं कडं करायचं म्हटलं, की बरेच जण ५०० ला २२/७ ने गुणतात, १५७१ मिमीची पट्टी कापतात, आणि वाकवून जोडल्यावर आतलं माप ४९५ भरतं. पट्टी ५ मिमी जाड, कडं ५ मिमीने लहान. सूत्र बरोबर, गुणाकारही बरोबर, पण सूत्रात घातलेला व्यास चुकीचा.

वेगवेगळ्या कामांत व्यास कुठून कुठपर्यंत धरतात, परीघ थेट मोजायचा तर कशाने मोजतात आणि चूक कुठे शिरते, हे एका जागी यावं म्हणून हा धागा काढतो आहे. सूत्राची सिद्धता नको, ती पुस्तकात मिळते. आकड्यांसकट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळून बघता येईल.

पत्राकाम
कड्यापासूनच सुरुवात करू. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. जाडीच्या साधारण मध्यावरच्या थराची लांबी मात्र बदलत नाही. म्हणून कापायची लांबी नेहमी मधल्या व्यासावर काढायची. मधला व्यास म्हणजे आयडी (आतला व्यास) अधिक एक जाडी, किंवा ओडी (बाहेरचा व्यास) वजा एक जाडी. ५०५ × ३.१४१६ = १५८६.५ मिमी. परिमितींच्या पट्टीत कमी पडले ते हेच १५ मिमी.

पत्रा जाड होत जातो तशी ही चूक महागात पडते. टाकीचं शेल, म्हणजे नळकांड्यासारखं गोल अंग, घ्या: आयडी १०००, प्लेट १० मिमी. आयडीवर परीघ काढला तर ३१४१.६ येतो, मधल्या व्यासावर ३१७३.०, ओडीवर ३२०४.४. म्हणजे प्रत्येक पायरीला ३१.४ मिमीचा फरक. चुकीचा व्यास धरून प्लेट कापली, की एक तर शेल डिशएंडवर (टाकीच्या टोकाच्या फुगीर झाकणावर) बसत नाही, नाहीतर शिवणीत, म्हणजे वेल्डिंगच्या जोडात, पट्टी घालायची वेळ येते, आणि तशी पट्टी कुठलाही तपासनीस मान्य करत नाही.

आणखी तीन गोष्टी. शिवणीत २–३ मिमी रूट गॅप (वेल्डिंगसाठी दोन कडांमधली फट) ठेवायचा असेल तर तेवढी लांबी आधीच वजा करा. डिशएंड तयार येणार असेल तर ड्रॉइंगवरच्या व्यासावर विसंबू नका. आधी डिशएंडचा बाहेरचा परीघ टेपने घ्या, त्यातून पाय × जाडी वजा करून शेलची मधली लांबी काढा, आणि मगच प्लेट कापा. दाबून केलेल्या डिशएंडचा परीघ कागदावरच्या मापाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. तिसरी गोष्ट, रोलिंगच्या आधी प्लेटच्या दोन्ही कडा दाबून घ्या. नाहीतर टोकाचा भाग सपाट राहतो आणि शिवणीवर चोच निघते. अशा शेलचा परीघ बरोबर असतो, पण ते गोल नसतं. परीघ बरोबर म्हणजे वर्तुळ बरोबर, असं धरून चालू नका.

अंकपाश
२२/७ बद्दल. ते ढोबळ आणि ३.१४ अचूक, असा समज फार पसरलेला आहे. खरं तर उलट आहे. १ मीटर व्यासाला खरा परीघ ३१४१.५९ मिमी. २२/७ ने ३१४२.८६ येतो, म्हणजे १.२६ जास्त. ३.१४ ने ३१४० येतो, म्हणजे १.५९ कमी. दोन्हींत २२/७ जवळचं, शिवाय त्याची चूक जास्तीच्या बाजूला. कापायच्या कामात जास्तीचं घासून काढता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल आणि नेमकं हवं असेल तर ३५५/११३ वापरा. ११३३५५ असं लिहून मधोमध तोडायचं, मागचा भाग वर आणि पुढचा खाली. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळालाही याने पाव मिमीच्या आसपासच चूक येते.

पण पायच्या आकड्यांवर जीव काढण्यात फारसा अर्थ नाही. व्यास मोजताना १ मिमी चुकला की परीघ ३.१४ मिमीने चुकतो. मीटरभर व्यासाला २२/७ मुळे येणारी चूक व्यासातल्या ०.४ मिमीएवढी आहे, आणि साध्या टेपने व्यास ०.४ मिमीपर्यंत कोण वाचतो? मेहनत व्यासावर करा.

साखळीमाप
अंकपाश, मग व्यास मोजायचाच कशाला? टेप गोल गुंडाळून परीघच सरळ घेतला तर पायही नको आणि मध्यबिंदू शोधणंही नको. झाडाचा घेर तसाच घेतात की.

पत्राकाम
घ्यावाच. मोठ्या वस्तूवर तीच उत्तम रीत आहे. पण टेपलाही जाडी असते आणि वाकल्यावर तिचाही मधला थरच वाचन देतो. ०.२५ मिमी जाडीची पोलादी टेप बाहेरून गुंडाळली तर वाचन खऱ्या परिघापेक्षा पाय × ०.२५, म्हणजे सुमारे ०.८ मिमी जास्त येतं. वस्तू १० सेंमीची असो की १० मीटरची, जास्तीचे ०.८ तेवढेच राहतात. कापडी टेप जाड असते आणि वर ताणलीही जाते, त्यामुळे लोखंडकामात ती आणूच नका. बाजारात पाय-टेप मिळते. तिच्यावर थेट व्यास वाचता येतो आणि टेपची जाडी आखणीतच धरलेली असते.

टेप तिरपी जाण्याची भीती मात्र लोक उगाच जास्त घेतात. ३ मीटरच्या परिघावर टेपचं टोक ५० मिमी वर-खाली आलं तर चूक ०.४ मिमी. १०० मिमी सरकलं तर १.७ मिमी. दुप्पट सरकलं की चूक चौपट, म्हणून डोळ्यांना खटकेल इतकं तिरपं नसलं म्हणजे पुरे. टेपखाली अडकलेला वेल्डिंगचा शिंतोडा किंवा शिवणीचा उंचवटा यापेक्षा जास्त घात करतो. तो आधी घासून काढा.

तापमानाचंही बघा. नुकतंच वेल्डिंग झालेलं शेल ८० अंशांवर असेल आणि टेप ३० वर, तर ३१७३ च्या परिघावर जवळजवळ २ मिमी जास्त वाचन येतं. दोन्ही थंड होऊ द्या. पोलादी वस्तू आणि पोलादी टेप एकाच तापमानाला असतील तर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक आपोआप कटतो. ॲल्युमिनियमच्या टाकीला तो कटत नाही, कारण ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं.

भाता
परीघ पायशिवाय आणि टेपशिवाय नेमका कसा घेतात, याचं सर्वांत चांगलं उदाहरण बैलगाडीच्या चाकाची धाव. इथे हिशोब थोडाही चुकून चालत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चाकाला मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले लाकडाचे कमानदार तुकडे. या तुकड्यांच्या कड्यावर लोखंडी धाव तापवून चढवतात. थंड होताना धाव आवळते आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसवते. म्हणजे धावेचा आतला परीघ लाकडाच्या बाहेरच्या परिघापेक्षा ठरवून कमी ठेवावा लागतो. किती कमी, यावरच सगळं काम उभं असतं.

मोजायला वितभर व्यासाची पातळ चकती घ्या, तिच्या कडेवर एक खूण करा. लाकडी कड्यावर एका ठिकाणी खडूने रेघ मारा. चकतीची खूण रेघेवर टेकवून चकती कड्यावरून न घसरू देता फिरवा, पुरे फेरे मोजा आणि शेवटच्या अपुऱ्या फेऱ्याची खूण चकतीवरच करा. समजा सहा फेरे आणि थोडं वर भरलं. आता तीच चकती धावेच्या आतून तशीच फिरवायची. तिथे सहा फेरे होऊन शेवटची खूण किती अलीकडे राहते, तो फरक म्हणजे मिळणारा ताण. चकती दोन्हीकडे नेमक्या पृष्ठभागावरून चालते, त्यामुळे जाडीचा प्रश्नच येत नाही. चकतीचा स्वतःचा परीघ किती, हेही माहीत नसलं तरी चालतं. टेपचं तसं नाही. बाहेरून ती जास्त दाखवते, आतून कमी, आणि दोन्ही चुका एकाच दिशेने धोका देतात.

आता पट्टी किती लांब कापायची ते बघू. लाकडाचा बाहेरचा व्यास १४०० मिमी, म्हणजे परीघ ४३९८. ताण २० मिमी ठेवायचा, तर धावेचा आतला परीघ ४३७८. पट्टी १२ मिमी जाड असेल तर मधल्या थरासाठी पाय × १२ म्हणजे ३७.७ मिळवा. ४४१६ मिमी झाले. धाव आतून लाकडापेक्षा लहान, पण तिची पट्टी लाकडाच्या परिघापेक्षा १८ मिमी लांब! हे उमगलं नाही तर माणूस ४३७८ लाच पट्टी कापून मोकळा होतो. भट्टीत जोड मारायचा असेल तर टोकं एकमेकांवर जेवढी चढतात तेवढी लांबी आणखी वेगळी धरायची.

गोवऱ्यांच्या आगीत धाव मंद लाल झाली, म्हणजे तापमान सुमारे ६०० अंशांनी चढलं, की ४३७८ चा परीघ अंदाजे ३७ मिमीने वाढतो. त्यातले २० ताणात गेले, उरले १७. परिघात १७ म्हणजे व्यासात जेमतेम ५ मिमी, चारी बाजूंनी अडीच-अडीच. एवढ्या फटीतून धाव सांडशीने उचलून चाकावर पाडायची, घणाने खाली सारायची आणि लगेच पाणी ओतायचं. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळतं आणि जळालेल्या थराएवढा ताण वाया जातो.

ताण कमी पडला तर उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि धाव सैल होते. तात्पुरता उपाय म्हणून चाकं पाण्यात टाकून ठेवतात ती याचसाठी. ताण जास्त झाला तर लाकडी तुकड्यांतल्या फटी संपतात, आवळायला जागा उरत नाही आणि आरे वाकतात. म्हणून २० हा आकडा सगळ्या चाकांना लावू नका. तुकड्यांमधल्या फटींची बेरीज आधी करा. नव्या, घट्ट चाकाला कमी ताण लागतो, जुन्या सैल चाकाला जास्त.

परिमिती
भाता, पट्टी परिघापेक्षा लांब हे आकड्यांनिशी पाहिल्याशिवाय पटत नाही. फार उपयोगी प्रतिसाद. धन्यवाद.

कासारआळी
बांगडीचं माप हा सगळा परिघाचाच मामला आहे, पण बोलतात व्यासात. २-४ म्हणजे २ पूर्णांक ४/१६ इंच आतला व्यास, म्हणून तिला सव्वादोन म्हणतात. २-८ म्हणजे अडीच. मिलिमीटरमध्ये २-४ चा आतला व्यास ५७.२ आणि परीघ १७९.५, २-६ चा ६०.३ आणि १८९.५, २-८ चा ६३.५ आणि १९९.५. एक माप चढलं की परीघ बरोबर १ सेंमीने वाढतो, हे लक्षात ठेवलं तर कोष्टक जवळ बाळगायला नको.

माप मनगटाचं घ्यायचं नसतं. अंगठा तळव्यात दुमडून, हात निमुळता करून, बोटांच्या पेरांपाशी तो जिथे सर्वांत रुंद असतो तिथला घेर घ्यायचा. दोऱ्याने घेऊ नका, दोरा ताणला जातो आणि मऊ भागात रुततो. सेंमीभर रुंद कागदाची पट्टी गुंडाळा, पट्टी जिथे एकमेकीवर येते तिथे पेन्सिलने खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. १८५ भरलं तर काचेच्या बांगडीला २-६ घ्या. सोन्याच्या रुंद पाटलीला किंवा तोड्यालाही मोठंच माप घ्या, कारण रुंद दागिना पेरांवरून तिरपा करून चढवता येत नाही. ऑनलाइन मागवताना आतला व्यास दिला आहे की बाहेरचा, हे विचारून घ्या. जाड लाखेच्या बांगडीत बाहेरचा व्यास धरला तर दोन-तीन मापं चुकतात.

सुईदोरा
शिवणात हाच हिशोब उलटा चालतो: परीघ माहीत, त्रिज्या काढायची. पूर्ण अंब्रेला घागऱ्याला कंबर भागिले ६.२८. २८ इंच कंबरेला ४.४६ इंच. कापडाची चौपदरी घडी घालून कोपऱ्यापासून एवढ्या अंतरावर कमान आखायची. अर्धगोल घेराला दुप्पट, म्हणजे ८.९ इंच.

घात होतो तो शिवणदाबाचा. ४.४६ वर कापलं आणि अर्धा इंच दाबून पट्टी लावली, तर शिवण ४.९६ च्या त्रिज्येवर पडते आणि कंबर ३१ इंचांवर जाते. अर्धा इंच आत-बाहेर झाला की कंबरेत तीन इंचांचा फरक! म्हणून कापायची रेघ ४.४६ वजा ०.५, म्हणजे ३.९६ वर घ्यायची. कंबरेचा सहावा भाग घेण्याची जी तोंडी रीत आहे तिने ४.६७ येतं, ते जास्तच आहे. त्यातून पाव इंच वजा केला तर जवळपास जमतं, मात्र शिवणदाब त्याहून वेगळा काढायचाच.

खालच्या घेराची लेस आणताना लोक फसतात. उंची ३६ असेल तर खालची त्रिज्या ४०.४६ आणि घेर २५४ इंच, म्हणजे साडेसहा मीटरला थोडाच कमी. जोडाला आणि मुरडीला धरून ६.७५ मीटर घ्या. आणि लेस लावण्यापूर्वी घागरा एक रात्र टांगून ठेवा. उरेब (तिरक्या धाग्याच्या) भागात कापड खाली ओढलं जातं, घेर खालीवर होतो, आणि आधीच लेस लावली असेल तर सगळी उसवावी लागते.

फक्की
शाळेच्या मैदानावर २०० मीटरचा धावमार्ग आखताना परिघाचा हिशोब नीट केला नाही, तर मुलांवर सरळ अन्याय होतो. म्हणून हे लिहितो.

दोन सरळ बाजू ४०-४० मीटर घेतल्या, तर दोन वळणांना मिळून १२० मीटर उरतात. त्रिज्या १२० भागिले ६.२८३२, म्हणजे १९.१० मीटर. ही त्रिज्या धावणाऱ्याच्या रेषेची, फक्कीच्या रेघेची नव्हे. मुलगा आतल्या रेघेवर पाय देऊन पळत नाही. नियमाप्रमाणे आत उंच कठडा असेल तर पहिल्या मार्गिकेचं अंतर कठड्यापासून ३० सेंमीवर मोजतात, नुसती रेघ असेल तर २० सेंमीवर. शाळेत कठडा नसतोच. म्हणून फक्कीची आतली रेघ १८.९० च्या त्रिज्येवर मारा. १९.१० वर मारली तर फेरी २०० ऐवजी २०१.२६ मीटरची होते.

मार्गिका १.२२ मीटर रुंद. बाहेरच्या प्रत्येक मार्गिकेला एका पूर्ण फेरीत २ × पाय × १.२२ = ७.६७ मीटर जास्त पडतात. पूर्ण फेरीच्या शर्यतीत पुढे द्यायची अंतरं: दुसरीला ७.६७, तिसरीला १५.३३, चौथीला २३.००, पाचवीला ३०.६६, सहावीला ३८.३३. या आकड्यांत मैदानाची त्रिज्या कुठेच येत नाही. २०० चा मार्ग असो की ४००, रुंदी तीच तर फरक तोच. ४०० मीटरच्या प्रमाणित मार्गावर दुसरीला ७.०४ दिलेले दिसतात, ते कठड्यामुळे: पहिलीचं माप ३० सेंमीवर आणि दुसरीचं २० वर, तेवढा फरक कमी होतो. शाळेत ७.०४ चा तक्ता उतरवून घेऊ नका.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. सहाव्या मार्गिकेचे ३८.३३ मीटर वळणावर मोजायचे असतात, तेही तिच्या आतल्या रेघेपासून २० सेंमीवर. रेघेवरच टेप टाकली (त्रिज्या २५.००, हवी २५.२०) तर ३१ सेंमीचा फरक पडतो. वळणावर टेप धरणं अवघड जात असेल तर सरळ ओढून घ्या: सुरुवातीच्या रेषेवर त्रिज्या २५.२० चा बिंदू घ्या, तिथून टेप ताणून ३४.७४ मीटरवर त्याच २५.२० च्या कमानीवर खूण करा. हे सरळ अंतर ३८.३३ च्या कमानीचंच आहे.

त्रिज्येला सुतळी किंवा नायलॉनची दोरी वापरू नका. पहिल्या मार्गिकेला ओढली त्यापेक्षा सहावीला जोर जास्त लागतो आणि दोरी वाढते. त्रिज्या ५ सेंमीने वाढली की फेरी ३१ सेंमीने वाढली. पोलादी टेप, नाहीतर न ताणणारी तार घ्या, आणि मधला खुंटा हलत नाही ना हे दर दोन रेघांनंतर बघा.

साखळीमाप
फक्की सर, जीवा (कमानीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर) देऊन टाकलीत हे फार बरं केलंत. सहाही मार्गिकांच्या जीवा अशा काढून ठेवल्या तर क्रीडाशिक्षकांचा निम्मा दिवस वाचेल.

आता प्रश्न असा, की वर्तुळ पूर्ण नसेलच तर? फुटलेलं चाक, विहिरीचा उरलेला अर्धा काठ, कमानीचा तुकडा. मध्यबिंदू नाही, व्यास नाही.

अंकपाश
कमानीच्या दोन टोकांना पट्टी लावा. तिची लांबी म्हणजे जीवा. पट्टीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं काटकोनातलं अंतर म्हणजे शर. त्रिज्या = जीवेचा वर्ग भागिले ८ शर, अधिक शराचा निम्मा. जीवा ६०० आणि शर ७५ असेल तर ६०० + ३७.५ = ६३७.५, आणि परीघ ४००५.५.

धोका शरात आहे. तोच ७६ वाचला गेला तर त्रिज्या ६३०.१ येते आणि परीघ ४६ मिमीने घटतो. एका मिमीला ४६! म्हणून जितका मोठा तुकडा मिळेल तितकी जीवा लांब घ्या, शर व्हर्नियरच्या खोली-दांडीने मोजा, आणि तीन जागी घेऊन सरासरी काढा.

वर्तुळ पूर्ण असेल पण मध्य सापडत नसेल तर सुताराचा गुण्या पुरतो. गुण्याचा कोपरा बाहेरच्या बाजूने नेमका परिघावर ठेवा. त्याच्या दोन भुजा वर्तुळाला जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले की व्यास मिळाला, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. कोपरा हलवून असे दोन व्यास आखले की त्यांच्या छेदावर मध्य. गुण्या स्वतः काटकोनात आहे का, हे आधी तपासा.

पत्राकाम
यात एक भर. वस्तू थोडी लंबगोल असेल तर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास घेऊन सरासरी धरा. ६०० आणि ५८० भरले तर ५९० वर परीघ काढा, चूक ०.१३ मिमीचीच येते. फरक फार मोठा असेल, समजा एक व्यास दुसऱ्याच्या दीडपट, तर सरासरी पुरत नाही. तिथे रामानुजन यांचं १९१४ चं सूत्र वापरा: पाय × [३(अ+ब) − वर्गमूळ (३अ+ब)(अ+३ब)]. अ आणि ब म्हणजे अर्धे व्यास.

आणि सगळीकडे व्यास सारखा भरला म्हणून वस्तू गोल, असंही नाही. ग्राइंडिंगमध्ये शाफ्टला तीन पुसट उंचवटे येतात. व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर कुठेही लावा, माप एकच, तरीही तो बेअरिंगमध्ये बसत नाही. व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल लावून फिरवला की काटा हलतो. अशा आकाराचा परीघसुद्धा पाय × रुंदीच भरतो, हे बार्बिए या फ्रेंच गणितज्ञाने १८६० मध्ये दाखवून दिलं. म्हणजे पाय-टेपही त्याला पकडू शकत नाही.

वनघेर
झाडाचा उल्लेख वर आला म्हणून थोडक्यात. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेतात. उतारावर असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून. त्या उंचीवर गाठ असेल तर गाठीच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर दोन मापं घेऊन सरासरी. सुटलेली साल आणि वेल बाजूला करा.

लाकडाच्या व्यवहारात घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी असा घनफळाचा हिशोब चालतो. १२० सेंमी घेर आणि ३ मीटर लांबीच्या ओंडक्याला त्याने ०.२७ घनमीटर येतं. खरं घनफळ ०.३४४. ही रीत नेहमी ७८.५ टक्केच दाखवते, ओंडका कितीही जाड असो. कापताना वाया जाणारं लाकूड त्यात धरलेलं आहे असं म्हणतात. पण विकणाऱ्याने दर ठरवताना कुठल्या रीतीने घनफळ धरलं आहे हे आधी पक्कं करावं, कारण दोन रीतींत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक आहे.

शून्यलब्धी
२२/७ ची चर्चा वाचून राहवलं नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत एकाच श्लोकात दोन गुणोत्तरं दिली आहेत. व्यासाला 'भनंदाग्नि'ने गुणून 'खबाणसूर्य'ने भागा. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणून ३९२७. ख म्हणजे ०, बाण ५, सूर्य १२, म्हणून १२५०. ३९२७/१२५० = ३.१४१६. याला ते सूक्ष्म परीघ म्हणतात. लगेच पुढे २२/७ देतात आणि त्याला स्थूल, व्यवहारयोग्य म्हणतात. कुठे कुठलं वापरायचं याचा निवाडा तिथेच झालेला आहे.

त्यांनी स्वतः मोठ्या मापाला सूक्ष्मच वापरलं. सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजनं दिला आहे. भागून बघा, ३.१४१६ येतं. २२/७ ने तोच परीघ ४९६९ झाला असता. त्यांच्याही आधी आर्यभटांनी २०००० व्यासाला ६२८३२ परीघ सांगितला आणि त्याला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळचा. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. खानदेशात जाणं झालं तर जरूर बघा.

परिमिती
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या पोस्टमधल्या कड्याचा दुरुस्त हिशोब इथे लिहून ठेवतो, म्हणजे शोधत येणाऱ्याला सापडेल: आयडी ५००, पट्टी ५, मधला व्यास ५०५, लांबी १५८६.५, त्यातून रूट गॅप २, कापायची लांबी १५८४.५. पत्राकाम, हे बरोबर आहे ना? आणि पट्टी आडवी न वाकवता उभ्या अंगाने, म्हणजे ४० ची बाजू त्रिज्येच्या दिशेने ठेवून वाकवायची असेल तर?

पत्राकाम
बरोबर आहे. उभ्या अंगाने वाकवलं तर जाडीच्या जागी ४० येतात, म्हणजे मधला व्यास ५४० आणि लांबी १६९६.५. पण तिथे नुसत्या हिशोबावर कापू नका. एवढ्या रुंदीला आतली बाजू दबून जाड होते, बाहेरची ताणून पातळ होते आणि न बदलणारा थर मध्यापासून थोडा आत सरकतो. म्हणजे हिशोबाने कापलेली पट्टी थोडी लांबच भरते. शिवाय रोलरमधून निघताना दोन्ही टोकांना काही लांबी सरळच राहते. म्हणून दोन्हीकडे १५०-१५० मिमी जास्त ठेवून वाकवा, पूर्ण वेढा झाल्यावर टोकं एकमेकांवर येतील तिथे आतला व्यास दोन दिशांनी तपासा, आणि मग दोन्ही पदर एकत्र धरून एकाच काप्यात कापा.